हुमणीची इंद्रिये आणि शेतकऱ्याची अहिंसा

कसबा बावड्याच्या पंचगंगेकाठच्या मळ्यात ऊस पिवळा पडून वाळू लागला आणि बेट हलकेच ओढताच हातात आले, तर मुळाशी हुमणी असण्याची शक्यता मोठी. पांढुरकी, तपकिरी डोक्याची, अंगाची कमान करून पडलेली ही अळी म्हणजे भुंगेऱ्याचे बालरूप.

कोल्हापूर, सांगली, सातारा पट्ट्यात तिच्या दोन जाती मुख्य आहेत. नदीकाठच्या जमिनीत ल्युकोफोलिस लेपिडोफोरा, माळावर होलोट्रायकिया सेरेटा. पहिलीचा भुंगेरा आकाराने मोठा, अंगावर बारीक खवले असलेला. कर्नाटकातल्या सुपारीच्या बागांनाही तिचा उपद्रव होतो. दुसरी दख्खनच्या पठारावर आणि दक्षिण भारतात दूरवर पसरली आहे. तिचा गडद तपकिरी भुंगेरा दोन-अडीच सेंटिमीटरचा असतो. पुढच्या पायांना माती उकरायचे दाते, मिशांच्या टोकाला पंख्यासारखी उघडमीट करणारी पाती. वळवाचा पाऊस झाला की हे भुंगेरे सांजवेळी मातीतून निघून कडुनिंब, बाभूळ, बोरीवर जमतात, पाला खातात, जोड्या जमवतात आणि उजाडण्यापूर्वी पुन्हा मातीत शिरतात. माद्या मातीतच अंडी घालतात. पावसाळाभर अळी मुळे कुरतडते, मग कोषात जाते. वर्षाला एकच पिढी.

हातकणंगले, शिरोळ भागात ऊस पिकवणारे जैन शेतकरी पुष्कळ. त्यांच्यासाठी हे शरीरवर्णन धर्मप्रश्नाशी थेट भिडते. जैन विचारात जीवाची इंद्रिये जितकी जास्त, तितका त्याच्या हिंसेचा दोष मोठा. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथात कृमी दोन इंद्रियांचे, मुंगी तीन, भ्रमर चार इंद्रियांचा मानला आहे. हुमणीच्या अळीला डोळे नसतात. मिशा, मुखांगे आणि स्पर्शावर तिचे भागते. भुंगेऱ्याला मात्र संयुक्त नेत्र असतात. कर्मसिद्धांतानुसार जीवाची इंद्रियसंख्या ठरवणारे जातिनामकर्म आयुष्यभर तेच राहते. म्हणून अळी आणि भुंगेरा हा एकाच जन्मातला एकच जीव धरावा लागतो. आंधळी आहे म्हणून अळी मारण्याचा दोष कमी, असा हिशेब इथे टिकत नाही.

गृहस्थाच्या हिंसेचे चार भेद मानतात: ठरवून केलेली संकल्पी, घरकामात होणारी आरंभी, उपजीविकेच्या कामात होणारी उद्योगी आणि रक्षणासाठी करावी लागणारी विरोधी. त्यांपैकी संकल्पी हिंसा त्याला पूर्ण वर्ज्य. नांगरटीत मरणारी हुमणी उद्योगी हिंसेत मोडते. मात्र झाड हलवून भुंगेरे गोळा करायचे आणि रॉकेलच्या पाण्यात टाकायचे, यात संकल्प उघड आहे. कृषितज्ज्ञ तरीही हाच उपाय आधी सुचवतात आणि त्याचे कारण भक्कम आहे: अंडी घालण्याआधी एक मादी पकडली की पुढच्या पन्नासेक अळ्या जन्मत नाहीत. उलट मातीत ओतलेल्या विषाने गांडुळांसारखे निरपराध जीवही मरतात, आणि ते कोणाच्या नजरेस पडत नाहीत.

भावहिंसा, म्हणजे मनातला मारण्याचा भाव, मोजली तर वेचणी जड; द्रव्यहिंसा, म्हणजे प्रत्यक्ष जीव जाणे, मोजली तर विष जड. पिकाच्या रक्षणासाठी केलेली वेचणी विरोधी हिंसेत बसवता येते, पण द्वेष नसेल आणि गरजेपुरतीच असेल तरच. या दोन अटी पाळणारी वेचणी विषापेक्षा कमी दोषाची ठरते, कारण तिच्यात शेतकरी मारल्या जाणाऱ्या जीवाला पाहून, ओळखून हात घालतो. ज्या शेतात हुमणी नाही तिथेही केवळ धास्तीने विष टाकणे मात्र संकल्पी सोडून उरलेल्या तिन्हींपैकी कोणत्याही सवलतीत बसत नाही.