दान आणि देणे

वैशाखात शहापूर तालुक्याच्या डोंगरपट्टीतील एखाद्या पाड्यावर टँकर येतो, कोरड्या विहिरीत पाणी सोडले जाते आणि पाठविणाऱ्याच्या औदार्याची वाखाणणी होते, तेव्हा दान आणि ऋणफेड या दोन भिन्न कल्पनांची गल्लत होत असते. ही केवळ तर्काची चूक असती तर तिची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु तिच्यामुळे घेणाऱ्याची मान विनाकारण खाली जाते आणि देणाऱ्याच्या पदरी न कमावलेले पुण्य पडते, म्हणून हा प्रश्न धर्माचा आहे.

दानाविषयी आपले धर्मशास्त्र फार काटेकोर आहे. वस्तूवरील आपले स्वत्व सोडून तिच्यावर दुसऱ्याचे स्वत्व उत्पन्न करणे, असे दानाचे लक्षण निबंधकारांनी सांगितले. अर्थात जे आपलेच नाही त्याचे दान संभवत नाही, आणि ठेव परत करणाऱ्यास कोणी दाता म्हणत नाही. विहिरी-तळी बांधणे पूर्तधर्मात गणले आहे खरे, पण ते स्वद्रव्याने. उलट शतपथ ब्राह्मणाने मनुष्याला जन्मतःच देव, ऋषी, पितर आणि इतर मनुष्ये यांचा ऋणी मानले आहे.

तानसा धरण १८९२ साली पुरे झाले, पुढे मोडकसागर आणि भातसा आले. शहापूरच्या डोंगरांवर पडणारा पाऊस मुंबईची तहान भागवू लागला. मुरबाडकडे बारवीच्या जलाशयाखाली गावांच्या जमिनी गेल्या. मुंबईने पाणी घेऊ नये असे मी म्हणत नाही, लक्षावधींची तहान भागविणे हेही धर्म्यच आहे. परंतु ज्यांच्या शिवारातून मुंबईचे जलवाहक नळ गेले, त्यांच्या दारी पाणी पोचविणे ही त्याच व्यवहाराची बाकी आहे.

जमिनीचेही तसेच. कातकरी, ठाकर, महादेव कोळी पिढ्यानपिढ्या कसत आलेल्या वरकस जमिनीच्या पट्ट्यांचे ‘वाटप’ समारंभपूर्वक होते. वस्तुतः २००६ च्या वनहक्क कायद्याने काही वाटलेले नाही, असलेला हक्क मान्य केला आहे, आणि पूर्वी घडले त्याला उद्देशिकेतच ऐतिहासिक अन्याय म्हटले आहे. दाव्याची सुनावणी करणाऱ्या अंमलदाराने दावेदारास याचक समजणे हे त्या कायद्याच्या विरुद्ध आहे.

दयेला मी कमी लेखीत नाही. पण दया थांबली तर तिच्याविरुद्ध फिर्याद करता येत नाही. हक्क नाकारला तर करता येते, आणि दुर्बलाला आधार वाटतो तो या फरकाचाच. म्हणून पाड्यांवर पाणी पाठविणाऱ्यांना माझी विनंती आहे की, टँकरवरील नावाची पाटी उतरवावी आणि गावाच्या नळयोजनेची रक्कम सरकारी दप्तरात देणे म्हणून मांडली जावी, यासाठी आपले वजन खर्चावे.