स्वभाव की शरीर?

घरातली कर्ती बाई चिडू लागली, की घर निकाल देऊन मोकळे होते : ‘स्वभावच बदलला हो हिचा!’ परंतु साधारण ४५ ते ५५ या वयात अंडाशयांतले इस्ट्रोजेन कमीजास्त होत ओसरू लागते. पाळी मागेपुढे होते, अंगातून अकस्मात गरम वाफा निघतात, रात्री घामाने झोप मोडते, छाती धडधडते, सांधे धरतात. सलग १२ महिने पाळी आली नाही, म्हणजे ती गेली असे वैद्यक मानते. त्यानंतर रक्त दिसले, तर मात्र ‘वयाचेच असेल’ म्हणून न थांबता डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे.

शरीराचे दुःख स्वभावाच्या खाती मांडणे हा एक अन्याय झाला. दुसरा अन्याय त्याच्या उलट आहे, आणि तो शिकल्यासवरल्या घरांत अधिक होतो. ती रागावली, की ‘वयच आहे तिचे’ म्हणायचे आणि तिचे म्हणणे ऐकायचेच नाही! झोप मोडलेल्या बाईचा रागही रास्त असू शकतो. ३० वर्षे गिळलेला प्रश्न ती आज विचारीत असेल.

मग आपण करावे काय? तिला वारा घालावा, आणि तिच्या प्रश्नाला उत्तरही द्यावे. एकाने दुसऱ्याचे ऋण फिटत नाही.