दिवा कोणी लावला?

2009 साली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या बोर्नमथ शहरात एक ज्यू जोडपं आपल्याच इमारतीच्या व्यवस्थापनाविरुद्ध कोर्टात गेलं. भांडण होतं जिन्यातल्या दिव्यांवरून. वीज वाचावी म्हणून तिथे मोशन सेन्सर बसवले होते. माणूस आला की दिवा लागायचा, गेला की थोड्या वेळाने विझायचा. या दोघांना मात्र शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत घराबाहेर पाय टाकता येईना. उंबरा ओलांडला की दिवा लागणार आणि शब्बाथच्या या विश्रांतीच्या दिवशी दिवा लावणं त्यांच्या धर्मात निषिद्ध. सेन्सर बंद ठेवणारा एक जादा स्विच आम्ही स्वखर्चाने बसवून घेतो, असंही त्यांनी सांगून पाहिलं होतं.

बातमी वाचून हसू येणं साहजिक आहे. ज्याने बटणाला हातही लावला नाही, त्याने दिवा लावला असं कसं म्हणायचं? पण धर्मशास्त्राला नेमक्या अशाच प्रश्नांचा नाद असतो आणि हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा बराच खोल आहे.

ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ असलेल्या तोरामध्ये शब्बाथला घरात आग पेटवू नये अशी थेट आज्ञा आहे. साधारण इसवी सन 200च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या नियमसंग्रहात त्या दिवशी वर्ज्य असलेल्या कामांची यादी येते. पेरणी, कापणी, दळण, विणकाम, बांधकाम, आग पेटवणं, आग विझवणं अशी ती ‘चाळीसला एक कमी’ कामं. त्यात वीज कुठून असणार? विजेचा दिवा आला तेव्हा रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मपंडितांनी, विजेला या यादीत जागा शोधायला सुरुवात केली. जुन्या बल्बचा निकाल सोपा होता. त्यातली तार तापून लाल होते आणि धातू तापवणं हे आग पेटवण्यातच मोडतं, असं धर्मपंडित मायमोनिडीजने बाराव्या शतकातच लिहून ठेवलं होतं. ज्यात तार तापत नाही अशा उपकरणांवर मात्र एकमत होईना. लेंबर्गचे रब्बी श्मेल्केस म्हणाले की वीज चालू करणं म्हणजे नवी गोष्ट जन्माला घालणं. ‘हझोन इश’ या नावाने ओळखले जाणारे बनेई ब्राकचे रब्बी कारेलित्झ म्हणाले की तुटलेलं सर्किट जोडणं हे बांधकाम आहे. जेरुसलेमच्या रब्बी श्लोमो झाल्मन ऑवरबाख यांनी ऐन पंचविशीत, 1935 साली, या विषयावर अख्खा ग्रंथ काढला. पुढे त्यांनी एकेक कारण तपासून बाजूला ठेवलं आणि तरीही निर्वाळा दिला की वीज वापरू नये, कारण समाजाची रीत तशी पडली आहे.

भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनाही न्यूयॉर्कमध्ये काही तरुण रब्बींनी गाठून विचारलं होतं, वीज म्हणजे आग का? फाइनमन यांनी आपल्या आठवणींत हा किस्सा काहीशा वैतागानेच सांगितला आहे. विज्ञानाची ओढ म्हणून नव्हे, तर तालमूद या धर्मग्रंथाचा अर्थ लावायला हे विचारताहेत, याचं त्यांना वाईट वाटलं. इथे फाइनमन जरा घाईच करतात. कुठलाही कायदा नव्या वस्तूला जुन्या कलमात बसवतो तेव्हा तो हेच करत असतो.

एलईडी आला आणि तापलेली तारच गेली. बंदीचं सर्वात भक्कम कारण गेलं, बंदी मात्र राहिली. म्हणजे वाद मुळात आगीचा नव्हताच. शब्बाथला माणसाने आपलं ‘करणं’ थांबवावं, हे खरं सूत्र. आता करणं कशाला म्हणायचं?

हा दिवस पाळणाऱ्यांची ओळख महाराष्ट्राला फार जुनी आहे. अलिबागजवळच्या नवगावला उतरलेले, पुढे कोकणभर तेलाचे घाणे चालवणारे बेने इस्रायल शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून आसपासचे लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. आज त्यांतले बरेच जण इस्रायलमध्ये दिमोना, अश्दोद, लोद अशा शहरांत राहतात आणि ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही तिथून निघालं. घाण्याच्या बाबतीत शंकेला जागा नव्हती. बैल फिरला तर काम, थांबला तर विश्रांती. बैलालाही सुट्टी द्यावी असं आज्ञेतच आहे.

पण बैलाशिवाय, आपोआप चालणारं काम? हा प्रश्न सेन्सरपेक्षा दोन हजार वर्षांनी जुना. शुक्रवारी दिवसाउजेडी जाळं लावून ठेवलं आणि शनिवारी त्यात मासा सापडला, तर काम कोणी केलं? प्राचीन धर्मपंडित शम्मायच्या पंथाचं म्हणणं असं, की मासा शुक्रवारीच सापडेल एवढा वेळ हाताशी नसेल तर जाळं लावूच नये. त्याच्या विरोधातल्या हिलेलच्या पंथाने मोकळीक दिली: माणूस थांबला की पुरे, जाळ्याचं जाळं बघेल. पुढे हिलेलचं मत चाललं. आज धार्मिक ज्यू घरांत शुक्रवारी टायमर लावून ठेवतात आणि दिवे ठरल्या वेळी आपले आपण लागतात-विझतात, ते या मताच्या आधारावर. न्यूयॉर्कचे रब्बी मोशे फाइनस्टाइन यांना मात्र ही वाट धोक्याची वाटली. दिव्यापुरता टायमर त्यांनी चालवून घेतला, पण तो सगळ्या यंत्रांना लावला तर उद्या शब्बाथला कारखानेच्या कारखाने चालतील, अशी त्यांची भीती होती. घरबसल्या सारं आपोआप करणाऱ्या आजच्या उपकरणांकडे पाहता ती अगदीच अनाठायी नव्हती.

सेन्सर मात्र टायमरपेक्षा वेगळा. टायमरला माणसाची गरज नसते. सेन्सर माणसाचीच वाट बघत असतो. जिन्यात दिसणारी ती पांढरी अर्धगोल टोपी म्हणजे पीआयआर सेन्सर. तो स्वतः काही सोडत नाही. आपल्या अंगातून सतत बाहेर पडणारी उष्णता, म्हणजे साधारण दहा मायक्रॉन तरंगलांबीचे अवरक्त किरण, तो टिपतो. टोपीवरच्या खाचा त्याच्या नजरेचे पट्टे पाडतात. ऊबदार शरीर एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेलं की आतल्या दोन तुकड्यांमध्ये फरक पडतो आणि दिवा लागतो. म्हणून आडवं चालणारा चटकन पकडला जातो, समोरून सरळ येणारा उशिरा, आणि कमोडवर निवांत बसलेला माणूस अंधारात राहतो.

यावर रब्बींचा मुख्य नियम सडेतोड आहे: कोंबडीची मान कापायची आणि ती मरावी असा आपला हेतू नव्हता म्हणायचं, हे चालणार नाही. अटळ परिणाम तुमचाच. पण लगेच पोटनियम येतो. त्या परिणामाचा तुम्हाला उपयोग आहे का? रस्त्याने जाताना शेजाऱ्याचा दिवा लागला आणि रस्त्यावर आधीच उजेड असला, तर अनेकांच्या मते दोष नाही. अंधाऱ्या जिन्यात तोच दिवा कामाला आला तर भानगड. बनेई ब्राकचेच रब्बी वोस्नर यांनी आणखी पुढचा विचार मांडला. माणूस आपल्या नेहमीच्या चालीने चालला आहे, दिव्यासाठी त्याने काहीच केलेलं नाही, तर यंत्र जे करतं ते त्याच्या खात्यावर का मांडावं?

जैन साधूंपुढेही असाच पेच आहे. अग्नीत जीव आहेत, त्यांची हिंसा नको, म्हणून ते दिवा लावत नाहीत. विजेतही तसे जीव आहेत की नाहीत, यावर श्वेतांबर परंपरांमध्ये जाहीर मतभेद आहेत. काही साधू माइक वापरतात, काही त्याला हात लावत नाहीत. पण तिथे प्रश्न मुख्यतः जिवाच्या इजेचा आहे. ज्यू शास्त्रात कुणाला इजा होतेय असं कुणी म्हणत नाही. प्रश्न निव्वळ कर्तेपणाचा आहे. म्हणूनच तो जास्त नितळ वाटतो.

आता बाजारात रडारवर चालणारे ‘प्रेझेन्स सेन्सर’ आले आहेत. पीआयआरवर शुक्रवारी दुपारी जाड टेप चिकटवली की काम भागतं. मिलिमीटर लहरींचं हे रडार टेपला दाद देत नाही. पातळ प्लायवूडपलीकडचंही त्याला कळतं आणि श्वासागणिक छाती हलते तेवढ्यावर खोलीत कोणीतरी आहे हे ते ओळखतं. चालणं तरी थांबवता येईल. श्वास थांबवून शब्बाथ कसा पाळणार? नुसतं असणं हेच करणं ठरू लागलं, तर विश्रांतीला जागाच उरत नाही. इथे वोस्नर यांचं म्हणणं सवलत म्हणून नव्हे, तर गरज म्हणून पटतं.

उपाय निघतायत, वादही. बटण दाबणं आणि दिवा लागणं यांत मुद्दाम अनिश्चितता घालणारा ‘कोशर स्विच’ 2015 साली गाजला आणि अनेक रब्बींनी तो झिडकारलाही. ‘होम असिस्टंट’ या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये ज्यू पंचांगाची सोय आहे. या घटकेला काम निषिद्ध आहे की नाही, याचं हो किंवा नाही असं उत्तर ते देतं आणि त्यावर घरातले सगळे सेन्सर आपोआप गप्प करता येतात. फाइनमनना हे नक्की आवडलं असतं.

बोर्नमथच्या जोडप्याची मागणी याहून कितीतरी साधी होती: एक स्विच. मुंबई-पुण्यातल्या सोसायट्या आता जिन्यांत आणि पार्किंगमध्ये सेन्सर लावत सुटल्या आहेत. पल्ला किती, दिवा किती सेकंद राहतो, हे त्या विचारतातच. इलेक्ट्रिशियनकडून सेन्सर बाजूला ठेवणारा एक स्विचही त्यांनी बसवून घ्यावा. कुठल्या मजल्यावर कुणाला कशासाठी तो लागेल, याची चौकशी सोसायटीने करायची गरज नाही.