हे आधी येऊन गेलंय

एकच बातमी दोनदा दिसली की वाचक वैतागतो. तो वैतागू नये याची सोय करणं हा माझ्या नोकरीचा एक भाग आहे. तंत्रज्ञानाच्या बातम्या शेकडो ठिकाणांहून येतात, त्यांतल्या सारख्या ओळखून एकच ठेवायची. पद्धत तशी सोपी आहे. मजकुराचे चार-पाच शब्दांचे तुकडे पाडायचे, दोन बातम्यांत किती तुकडे समान आहेत ते मोजायचं आणि प्रमाण ठरावीक आकड्याच्या वर गेलं की दुसरी गाळायची. नव्या फोनची तीच माहिती वीस जणांनी वीस मथळ्यांखाली दिली, तर एकोणीस गाळण्यात कुणाचं काही बिघडत नाही.

प्रश्न येतो तो शब्द वेगळे असूनही आपण "हे आधी येऊन गेलंय" म्हणतो तेव्हा. ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसचं प्रकरण घ्या. तिथली छोटी पोस्टं बहुतेक करून कंत्राटावर चालतात, अनेकदा एखाद्या दुकानाच्या कोपऱ्यात. हिशेबात तूट आली की ती चालवणाऱ्याने भरायची. १९९९ पासून या पोस्टांमध्ये 'हॉरायझन' नावाची संगणकप्रणाली आली आणि तिच्यातल्या दोषांमुळे मुळात नसलेल्या तुटी दिसू लागल्या. लोकांनी पदरचे पैसे भरले, कर्जं काढली. पुढच्या पंधरा-सोळा वर्षांत ९०० हून अधिक जण चोरी, खोटे हिशेब अशा आरोपांखाली दोषी ठरले, काही तुरुंगात गेले. मदतीसाठी विचारणा केली की अनेकांना उत्तर मिळे, ही अडचण फक्त तुम्हालाच येतेय.

मे २००९ मध्ये 'कॉम्प्युटर वीकली' या तंत्रज्ञानाच्या नियतकालिकाने अशा सात जणांच्या कहाण्या छापल्या आणि पुढे वर्षानुवर्षं हा विषय लावून धरला. डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने प्रणालीतले दोष मान्य केले. एप्रिल २०२१ मध्ये ३९ जणांची शिक्षा एकाच दिवशी रद्द झाली. तरीही शेकडो माणसं कागदोपत्री गुन्हेगारच राहिली. मग जानेवारी २०२४ मध्ये आयटीव्ही वाहिनीवर चार भागांची मालिका आली. त्यानंतर काही दिवसांतच पंतप्रधानांनी कायदा करण्याची घोषणा केली आणि मे महिन्यात तो झालाही.

मालिकेत नवं काय होतं? माहिती म्हणून पाहिलं तर जवळजवळ काहीच नाही. न्यायालयाचे निकाल येऊन गेले होते, बातम्या छापून जुन्या झाल्या होत्या. 'कॉम्प्युटर वीकली'च्या नियमित वाचकाला तर सगळं पाठ असणार. पण देश म्हणजे त्या नियतकालिकाचे वर्गणीदार नव्हेत. "आपल्याला माहीत आहे" यातला 'आपण' केवढासा असतो, हे म्हणणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

मला यातली एक गोष्ट फार खुपते. आधी या माणसांना सांगितलं गेलं की तुमच्यासारखी तक्रार दुसऱ्या कुणाचीच नाही. एकत्र येऊन त्यांनी दाखवून दिलं की आहे, तेव्हा बातमीच्या हिशेबात तिचं मोल उतरलं, कारण आता ती सगळ्यांसारखीच होती. पहिल्या वेळी "हे आधी घडलंय" एवढं कुणी खरं सांगितलं असतं तर माणसं वाचली असती. नंतर तेच वाक्य दार लावून घ्यायला उपयोगी पडलं. अन्याय चालू राहायला त्यात काही नवं असावं लागत नाही, पण त्याबद्दल बोलणाऱ्याने मात्र दर वेळी काही तरी नवं आणायचं.

आणि पुनरावृत्ती काय एकाच बाजूने होते? हॉरायझन भक्कम आहे, हे पोस्ट ऑफिसचं पालुपद वर्षानुवर्षं तेच होतं. तक्रार पुन्हा केली की ते रडगाणं, नकार पुन्हा दिला की ती अधिकृत भूमिका! एखादं विधान नुसतं वारंवार कानावर पडल्याने जास्त खरं वाटू लागतं, हे मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्येच प्रयोगाने दाखवलं आहे. म्हणजे पुनरावृत्तीला सरसकट मोकळीक द्या, असंही मला म्हणता येत नाही. ती खोट्यालाही तितकीच कामी येते.

सॉफ्टवेअरमधल्या चुकांच्या नोंदींना आम्ही वेगळं वागवतो. तीच चूक दुसऱ्याने कळवली तर शहाणी टीम ती नोंद पुसत नाही, मूळ नोंदीला जोडते. जोडलेल्या चाळीस नोंदी दिसल्या की चूक किती जणांना छळतेय ते कळतं. बातम्यांचंही असंच करावं, असं मी टीममध्ये म्हणतो. पुन्हा आलेली बातमी लपवू नका, तिच्यावर पहिल्या बातमीची तारीख लावा. वाचकाला दिसू दे की हे २००९ पासून चालू आहे.

माझी एक सहकारी याला हरकत घेते. ती म्हणते, "मग ज्यांच्यात पंधरा वर्षं ओरडत राहण्याचं बळ आहे, त्यांचंच दिसेल. अ‍ॅलन बेट्ससारखा चिवट माणूस प्रत्येक प्रकरणाला कुठून मिळणार?" बरोबर आहे तिचं. एकदाच बोलून थकलेल्या माणसाला मोजणारा कोड मला अजून लिहिता आलेला नाही. तूर्त आमच्याकडे तारीख लावायची की नाही, यावरच चर्चा चालू आहे.