झाकली मूठ आणि उघडी वही

दानधर्माच्या कामात हिशेब विचारणे आपल्याकडे अजूनही उद्धटपणाचे मानले जाते. एखाद्या सेवाभावी मंडळाच्या वार्षिक सभेत कुणी उठून ‘यंदा किती जमले, किती वाटले आणि कुणाला द्यायचे हे कुणी ठरवले?’ असे विचारले, की व्यासपीठावरच्या भुवया वर चढतात. पदरमोड करून, वेळ देऊन काम करणाऱ्यांना तो प्रश्न मनाला लागतो. मग कुणीतरी शुभवर्तमानाचा आधार घेतो : उजव्या हाताचे दान डाव्या हाताला कळू देऊ नये, अशी प्रभूचीच शिकवण नाही का? ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ या म्हणीला असे धर्मशास्त्राचे पाठबळ मिळते आणि विषय तेथेच मिटतो.

तो तेथे मिटू नये, असे आम्हांस वाटते. डोंगरावरील प्रवचनातील तो उपदेश दात्याच्या अहंकारासाठी आहे. चारचौघांत वाहवा मिळावी म्हणून दान करणाऱ्याला प्रभूने फटकारले आहे. आपले दान आपण जरूर लपवावे. पण पेटीत पडलेला रुपया आपला राहत नाही आणि मंडळाचाही होत नाही. ज्या घरातील चुलीसाठी तो दिला, त्या घराची ती अमानत असते. दुसऱ्याची अमानत झाकून ठेवणे याला नम्रता म्हणता येणार नाही.

आद्य ख्रिस्तसभेलाही हा प्रश्न टळला नव्हता. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात ग्रीक भाषिकांनी तक्रार केली, की रोजच्या वाटपात आमच्या विधवांची उपेक्षा होते. प्रेषितांनी त्यांना कृतघ्न म्हटले नाही, की त्यांच्या श्रद्धेविषयी शंका घेतली नाही. त्यांनी साऱ्या समुदायाला बोलावले आणि सात माणसे निवडायला सांगितली. निवडल्या गेलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. म्हणजे ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती वाटप सोपवले गेले! पुढे संत पौलाने यरुशलेममधील गरिबांसाठी वर्गणी गोळा केली, तेव्हा ती एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी पसंत केलेली माणसे त्याने बरोबर घेतली. या मोठ्या रकमेबाबत कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये आणि आपला व्यवहार देवापुढे तसाच माणसांपुढेही स्वच्छ दिसावा, हे कारण त्याने करिंथकरांस स्पष्ट कळवले. पौलाने हिशेबाची व्यवस्था केली ती आरोप झाल्यावर नव्हे, आरोपाआधी.

ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेत हीच शिकवण नियमाच्या रूपाने आली आहे. प्रत्येक धर्मग्रामात अर्थविषयक समिती असावी (कलम ५३७), ज्या हेतूने दान मिळाले त्याच हेतूसाठी ते खर्चावे (कलम १२६७) आणि भाविकांनी दिलेल्या द्रव्याचा हिशेब भाविकांस द्यावा (कलम १२८७). आपल्या राज्यात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानेही नोंदलेल्या न्यासांना हिशेब ठेवणे, त्याचे लेखापरीक्षण करवून घेणे आणि ते धर्मादाय कार्यालयास सादर करणे बंधनकारक केले आहे.

गरिबांच्या नावाने निघालेला पैसा देखरेखीवाचून कुठे जातो, हे खान्देशाने जवळून पाहिले आहे. जळगाव नगरपालिकेने १९९० च्या दशकात गरिबांसाठी घरकुल योजना हाती घेतली. हजारो कुटुंबांना हक्काचे छप्पर मिळायचे होते. त्यांतील बहुसंख्यांच्या वाट्याला ते आले नाही. सुमारे २९ कोटी रुपयांच्या गैरव्यवहाराची फिर्याद २००६ साली दाखल झाली आणि धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१९ रोजी ४८ जणांना दोषी ठरवले. या निकालाविरुद्ध अपिलेही झाली. फिर्यादीपासून निकालापर्यंत तेरा वर्षे लोटली. घराची वाट पाहणाऱ्या माणसासाठी निकाल हा घराचा पर्याय नव्हे. म्हणूनच हिशेब चौकशीच्या वेळी नको, वाटपाच्या वेळी हवा. ती नगरपालिका होती, आपले मंडळ लहान आहे, असे म्हणून सुटता येणार नाही. शंभर रुपयांची मदत हीच ज्याची आठवड्याची आशा, त्याला रक्कम लहान नसते.

पण कायद्याची पूर्तता झाली म्हणजे उत्तरदायित्व पुरे झाले काय? शिरपूर तालुक्यातील सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या पाड्यांवरची एखादी माउली डोळ्यांपुढे आणावी. दिवाळीनंतर घरची माणसे ऊसतोडीला जातात. मागे राहिलेल्या लेकरांच्या वह्यांसाठी तिला मदत मिळते. ती नोंदवहीवर अंगठा उमटवते. वहीत किती आकडा आहे, तो तिला वाचता येत नाही. लेखापरीक्षकाच्या दृष्टीने पावती बिनचूक आहे. परंतु जिची ती पावती, तिला हिशेब मिळालेला नाही. आपण दात्याला अहवाल पाठवतो, सरकारला विवरणपत्र देतो. ज्याच्या नावाने हे सारे चालते, त्याला मात्र फक्त ‘घे’ म्हणतो. हाच या प्रश्नाचा गाभा आहे, असे आम्ही मानतो. हिशेब घेण्याचा पहिला हक्क घेणाऱ्याचा आहे.

येथे एक रास्त आक्षेप निघतो. सारेच उघडे करायचे, तर गरिबाच्या अब्रूचे काय? मदत घेणाऱ्यांच्या नावांची यादी चर्चच्या दारात लावायची काय? मुळीच नाही. कुणाच्या घरी आजार आहे, कुणाचा धनी दारू पितो, हे गावाला सांगण्याचा अधिकार कुणालाही नाही. आकडे उघडे असावेत, चेहरे झाकलेले असावेत.

हे जमते, याचा दाखला संत विन्सेंट द पॉल सोसायटीच्या परंपरेत आहे. फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १८३३ साली पॅरिसमध्ये आपल्या सोबत्यांसह ती सुरू केली. १९९७ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याला धन्यवादित घोषित केले. या संस्थेच्या बैठकीत झोळी फिरते. कोणी किती टाकले, ते कुणालाच कळत नाही. गरिबाच्या घरी जाताना दोघे मिळून जातात. तेथील दुःख बैठकीबाहेर जात नाही. पण जमाखर्च मात्र बैठकीपुढे मांडला जातो. देणारा झाकलेला, घेणारा झाकलेला आणि पैसा उघडा, अशी ही व्यवस्था आहे.

आपल्या धर्मग्रामांतील मंडळांना हे अवघड नाही. तीन महिन्यांतून एकदा मिस्सानंतर जमा, खर्च आणि शिल्लक हे आकडे मोठ्याने वाचावेत. अंगठा घेण्यापूर्वी रक्कम त्या माउलीला तिच्या पावरीत किंवा अहिराणीत सांगावी. मदत नाकारली, तर कारणही सांगावे. समितीत पाड्यावरची एक-दोन माणसे असावीत. केवळ हजेरीपुरती नव्हेत, तर वाटप ठरवण्यासाठी. वही ठेवण्याला थोडा खर्च येतो, तोही लाज न बाळगता त्याच वहीत लिहावा.

असे झाले, म्हणजे सभेत प्रश्न विचारणाऱ्याकडे कुणी रागाने पाहणार नाही आणि ज्यांनी निष्ठेने काम केले, त्यांनाही मान खाली घालावी लागणार नाही. एखाद्या दिवशी ती माउलीच उठून विचारील, ‘फादर, यंदा वह्यांचे पैसे कमी का झाले?’ तिला उत्तर देता आले पाहिजे, आणि तिने विचारले याचा आनंदही वाटला पाहिजे.