अफवा, अविश्वास आणि अमानत



एखादी गोष्ट खरी की खोटी हे आपल्याला स्वतःला तपासता येत नसेल, तर त्या बाबतीत कोणाच्या शब्दावर विसंबावे? हा प्रश्न वरवर तत्त्वज्ञानाचा वाटतो, पण २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत तो प्रत्येक घराच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहिला. विषाणू डोळ्यांना दिसत नव्हता. लशीच्या कुपीत काय आहे हे आपल्यापैकी कोणालाही प्रयोगशाळेत पाहता येणार नव्हते. एकीकडे डॉक्टर काही सांगत होते, दुसरीकडे मोबाइलवर रोज नवा संदेश येत होता: लशीने मूल होत नाही, लशीत डुकराची चरबी आहे, रुग्णालयात नेलेला माणूस परत येत नाही. निवड करणे भागच होते, कारण काहीही न करणे हीदेखील एक निवडच होती आणि तिची किंमत बहुधा घरातल्या वृद्धांनी मोजली.

साथ ओसरली, पण वाद ओसरलेला नाही. आजही गोवरच्या लशीपासून मधुमेहाच्या औषधापर्यंत तेच प्रश्न विचारले जातात. म्हणून शांतपणे विचार करण्याची वेळ हीच आहे.

प्रथम दीन काय शिकवतो ते पाहू. सूरह अल-हुजुरात (४९:६) मध्ये आदेश आहे की अविश्वसनीय माणसाने बातमी आणली तर आधी तिची छाननी करा, नाहीतर अजाणतेपणी कोणाला इजा कराल आणि मग पश्चात्ताप कराल. सूरह अन-निसा (४:८३) मध्ये त्याहून नेमकी गोष्ट सांगितली आहे. शांततेची वा भीतीची वार्ता कानी येताच जे ती पसरवत सुटतात त्यांना तेथे दोष दिला आहे; ती वार्ता प्रेषितांकडे व जबाबदार लोकांकडे नेली असती, तर तिच्यातून योग्य अर्थ काढू शकणाऱ्यांना तो कळला असता, असा त्या आयतीचा आशय आहे. म्हणजे बातमीला दोन वाटा असतात. एक बाजाराकडे जाते, दुसरी जाणकाराकडे. मोमिनाने दुसरी धरावी. आणि ऐकलेले सर्व काही सांगत सुटणे माणसाला खोटारडा ठरवण्यास पुरेसे आहे, असे प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी बजावल्याचे ‘सहीह मुस्लिम’मध्ये आले आहे. ‘मी फक्त पुढे पाठवले’ हा बचाव या शिकवणीसमोर टिकत नाही.

जाणकाराला न विचारण्याचे परिणाम किती भयंकर असू शकतात, हे ‘सुनन अबू दाऊद’मधील एका घटनेवरून कळते. प्रवासात एका माणसाच्या डोक्याला दगड लागून जखम झाली. रात्री त्याला स्नान आवश्यक झाले. तयम्मुम चालेल का, असे त्याने सोबत्यांना विचारले. पाणी उपलब्ध असताना सवलत नाही, असे त्यांनी सांगितले. त्याने स्नान केले आणि तो मरण पावला. ही वार्ता प्रेषितांना (सल्ल.) कळली तेव्हा ते संतापले, त्या लोकांनीच त्याला मारले, माहीत नव्हते तर विचारले का नाही, अज्ञानावरचा उपाय विचारणे हाच आहे, या अर्थाचे उद्गार त्यांनी काढले. लक्षात घ्या, ते सोबती दुष्ट नव्हते. त्यांचा हेतू दीनदारीचाच होता. तरीही न जाणता दिलेल्या उत्तराची जबाबदारी त्यांच्यावर टाकली गेली. वैद्यक येत असल्याची ख्याती नसताना जो उपचार करतो तो नुकसानीस जबाबदार आहे, हा हदीसमधील नियमही याच तत्त्वाचा आहे.

आता तुम्ही विचाराल, ‘जाणकाराला विचारा हे मान्य; पण जाणकार आपला नसेल तर?’ हा प्रश्न टाळून चालणार नाही. आजारी माणसाने रोजा सोडावा की नाही, यासारख्या बाबतीत फुकहांनी कुशल व सचोटीच्या वैद्याचे मत ग्राह्य धरले. काहींनी तो मुस्लिम असावा अशीही अट घातली. त्या अटीमागील हेतू इबादतीचे महत्त्व जाणणारा आणि विश्वासू माणूस मिळावा हा होता. पण व्यवहारातील कौशल्यावर विश्वास ठेवण्याचा सर्वांत मोठा दाखला खुद्द हिजरतीचा आहे. मक्केहून मदिनेला जाताना प्रेषित (सल्ल.) आणि हजरत अबू बक्र (रजि.) यांनी वाटाड्या म्हणून अब्दुल्लाह बिन उरैकित याला नेमले. तो त्या वेळी मुसलमान नव्हता. कुरैशांनी शंभर उंटांचे इनाम लावले होते, आणि तरीही दोघांचे उंट त्याच्या हवाली करून तीन रात्रींनंतर सौर गुहेपाशी येण्यास त्याला सांगितले गेले. का? कारण तो वाळवंटाच्या वाटा जाणत होता आणि शब्दाचा पक्का होता. त्याचा धर्म नव्हे, ज्ञान आणि सचोटी पाहिली गेली. हजरत साद (रजि.) आजारी पडले तेव्हा प्रेषितांनी (सल्ल.) त्यांना हारिस बिन कलदा या वैद्याकडे जाण्यास सांगितले, हेही येथे आठवावे.

आपल्याच मुंबईत याचे एक सुंदर उदाहरण आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्देमार हाफकिन या ज्यू शास्त्रज्ञाने भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. लोक भीत होते. तेव्हा खोजा समाजाचे तरुण इमाम तिसरे आगाखान यांनी सर्वांसमक्ष लस टोचून घेतली, प्रयोगशाळेसाठी आपली वास्तू दिली, आणि त्यांच्या हजारो अनुयायांनी त्यांचे अनुकरण केले. अकीद्याचे मतभेद आपल्या जागी आहेत. पण एका समाजाच्या नेत्याने आपला हात पुढे केला आणि शब्दांनी न झालेले काम त्या हाताने केले. परळची हाफकिन संस्था ही त्याच प्रयोगशाळेची वारस आहे.

मात्र त्याच प्लेगने दुसरा धडाही दिला. इंग्रज सरकारने घरात शिरून झडत्या घेतल्या, स्त्रियांचा पडदा पाळला नाही, रुग्णांना बळजबरीने उचलून नेले. पुण्यात या जाचातून रँडची हत्या झाली. मार्च १८९८ मध्ये मुंबईत मुस्लिम विणकरांच्या वस्तीतून एका आजारी मुलीला नेण्यावरून दंगल उसळली. ती माणसे केवळ अडाणी होती म्हणून बिथरली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्याचा मान राखला जात नाही, तो औषधालाही विष समजतो.

म्हणून अविश्वासाची सगळी जबाबदारी सामान्य माणसावर टाकू नये. विश्वास ही अमानत आहे आणि तिची खियानत वरूनही होते. ओसामा बिन लादेनचा ठावठिकाणा शोधण्यासाठी अमेरिकेच्या गुप्तहेर संस्थेने २०११ मध्ये पाकिस्तानातील अबोटाबाद येथे कावीळ प्रतिबंधक लसीकरणाचा बनाव रचला. त्यानंतर खरोखरीच्या पोलिओ सेविकांवरचा संशय वाढला आणि त्यांच्यापैकी अनेक मारल्या गेल्या. २०१४ मध्ये असा बनाव पुन्हा करणार नाही असे अमेरिकेला जाहीर करावे लागले. पण तुटलेला विश्वास जाहीरनाम्याने सांधत नाही.

आपल्या देशातही आपण हे सोसले आहे. २०२० च्या एप्रिलमध्ये साथीचे खापर एका जमातीवर आणि तिच्या आडून एका समाजावर फोडले गेले. भाजीवाल्याचे नाव विचारून त्याला गल्लीबाहेर काढले गेले. त्याच वर्षी २१ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलीगच्या २९ परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेल्याचे नोंदवले. न्याय मिळाला, पण अफवा न्यायालयापेक्षा वेगाने धावली होती.

आणि येथेच, वाचकहो, खरी नैतिक कसोटी सुरू होते. ज्याने अफवेचे चटके सोसले, त्याने अफवेबाबत सर्वांत सावध असायला हवे. पण झाले काय? त्याच एप्रिलच्या आरंभी इंदूरच्या एका मुस्लिम वस्तीत तपासणीसाठी गेलेल्या आरोग्य पथकावर दगडफेक झाली. पथकात दोन महिला डॉक्टर होत्या. निरोगी लोकांना नेऊन इजा करतात, अशा अफवा तेथे पसरल्या होत्या. त्या दोघी दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच कामावर गेल्या. सूरह अल-माइदा (५:८) सांगते की एखाद्या समूहाबद्दलचा राग तुम्हाला न्यायापासून ढळवू नये. सरकारविषयीचा राग खरा असेल; पण त्या रागाला लशीविरुद्ध साक्षीदार म्हणून उभे करता येत नाही. एका अन्यायाची साक्ष दुसऱ्या खटल्यात चालत नाही.

आता सर्वांत अवघड आक्षेप. ‘तज्ज्ञ स्वतःच बदलतात. आज एक सांगतात, उद्या दुसरे.’ हे खरे आहे. मार्च २०२० मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने काही गटांना प्रतिबंधासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सुचवले; नंतरच्या मोठ्या चाचण्यांत कोरोनावर त्याचा लाभ दिसला नाही. त्याच औषधाविरुद्ध ‘लॅन्सेट’ या नामांकित नियतकालिकात २२ मे २०२० रोजी एक लेख आला आणि त्यातील आकडेवारीच पडताळता येत नाही म्हणून ४ जूनला तो मागे घेतला गेला. प्लाझ्मासाठी नातेवाईक दारोदार फिरले. मे २०२१ मध्ये ती पद्धत उपचारांच्या मार्गदर्शनातून वगळली गेली. भारतातील ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत तिचा उपयोग दिसला नव्हता.

मग तज्ज्ञ आणि अफवा पसरवणारा सारखेच का? नाही. ही चूक कोणी पकडली ते पाहा. इतर तज्ज्ञांनीच पकडली, तीही उघडपणे. आपल्या दीनी परंपरेला ही रीत परकी नाही. मुहद्दिसांनी एकेका रावीची स्मरणशक्ती, सचोटी आणि भेटीगाठी तपासल्या, शेकडो रिवायती जईफ ठरवल्या. त्यामुळे हदीसशास्त्र कमकुवत झाले का? उलट, त्यावरचा विश्वास त्यामुळेच उभा आहे. ज्या ज्ञानात चूक शोधण्याची सोय आहे, ते चुकले तरी सावरते. ज्या संदेशाला ना सनद, ना रावी, ना माघार, तो कधीच ‘चुकत’ नाही, कारण त्याला कोणी जाब विचारत नाही. अधिकारी मुज्तहिद प्रयत्न करून चुकला तरी त्याला एक पुण्य मिळते. न शिकता निर्णय देणारा मात्र योगायोगाने बरोबर आला तरी दोषमुक्त होत नाही. चुकण्याची मुभासुद्धा मेहनतीने मिळवावी लागते.

काही बांधव म्हणतात, हे सगळे तवक्कुलच्या विरुद्ध आहे. त्यांनी हजरत उमर (रजि.) यांचा प्रसंग आठवावा. शामच्या वाटेवर सर्ग येथे प्लेगची वार्ता कळली. त्यांनी मुहाजिर, अन्सार व कुरैशच्या ज्येष्ठांशी क्रमाने मसलत केली आणि परतण्याचे ठरवले. अल्लाहच्या तकदीरपासून पळता काय, असे हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले, तेव्हा आपण एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत, असे त्यांचे उत्तर होते. मग हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी साथीच्या गावात जाऊ नये व तेथून पळूही नये ही हदीस सांगितली.

आणि इब्ने हजर अस्कलानी (रह.) यांची प्रामाणिक नोंद पाहा. त्यांच्या मुली प्लेगने गेल्या होत्या. हिजरी ८३३ मध्ये काहिरात लोकांनी तीन दिवस रोजे ठेवून मोकळ्या मैदानात एकत्र दुआ केली. आधी दिवसाला चाळीसहून कमी मृत्यू होत होते. महिना उलटण्याआधी ते हजारावर गेले. सहीह बुखारीचा हा भाष्यकार दुआचा मुनकिर नव्हता. पण जे पाहिले ते त्याने लपवले नाही. दीनला सत्याची भीती नसते, हे अशा माणसांकडून शिकावे.

आम्हा इमामांचीही येथे परीक्षा आहे. लशीत काय आहे हे सांगणे मिंबरचे काम नाही. वस्तुस्थिती डॉक्टरने सांगावी, त्यावर हुकूम आलिमने सांगावा. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त अरब अमिरातीच्या फतवा परिषदेने हेच केले: पर्याय नसेल तर, घटक काही असले तरी, जीव वाचवण्यासाठी लस जायज आहे, असे सांगितले. बाकी ठिकाणी ‘ला अद्री’, मला माहीत नाही, म्हणण्यात इमाम मालिक (रह.) यांना कमीपणा वाटला नाही, आम्हाला का वाटावा?

म्हणून पुढचा संदेश आला की क्षणभर थांबा. सांगणारा कोण, त्याला हे कळले कसे, हा विषय त्याचा आहे का, आणि हे खोटे निघाले तर किंमत कोण मोजणार, एवढे स्वतःला विचारा. उत्तर नसेल तर तो संदेश तुमच्या हाती संपू द्या. शंका असेल तर डॉक्टरांना विचारा, एकाने उडवून लावले तर दुसऱ्याला विचारा. प्रश्न विचारणे हा अविश्वास नाही. कयामतच्या दिवशी कान, डोळे आणि मन यांची विचारपूस होणार आहे, हे सूरह बनी इसराईलने (१७:३६) कळवले आहे. मोबाइलवर फिरणारे बोट त्यातून सुटेल असे समजण्याचे कारण नाही.

अल्लाह आपल्याला ऐकण्याआधी पारखण्याची, बोलण्याआधी विचारण्याची आणि रागातही न्यायाने वागण्याची तौफीक देवो. आमीन.