व्हायोलाची खुर्ची

ऑगस्ट १९८७मध्ये पीटर शिड्लॉफ गेले आणि त्यांच्याबरोबर अमेडियस क्वार्टेटही संपलं. दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो असं ते चौघांचं काम, आणि गेले ते व्हायोलावाले. उरलेल्या तिघांचे हात चालत होते. लंडनमध्ये चांगल्या व्हायोलावादकांची वानवा नव्हती. तरी त्यांनी नवा माणूस घेतला नाही. जवळपास चाळीस वर्षं चाललेलं नाव तिथेच थांबवलं.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी भारावून गेले होते. निष्ठा असावी तर अशी, वगैरे. आता तितकी भारावत नाही. पण त्यांचं चुकलं असंही म्हणवत नाही.

आपल्या कानांना हा प्रश्न थोडा परकाच. ख्याल ऐकायला जातो तेव्हा नाव गायकाचं असतं. तबल्याला आज कोण, पेटीला कोण, हे मैफलीगणिक बदलतं आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही. गायक गेला की ते गाणं गेलं. मागे राहिलंच तर शिष्यांच्या गळ्यातलं घराणं. क्वार्टेटमध्ये अशी मुख्य कलाकार आणि साथीदार ही वाटणी नाही. नाव चौघांचं मिळून एक. त्यामुळे एक गेला की ते नाव वापरायचा हक्क कुणाचा, असा पेच पडतो.

बुडापेस्ट क्वार्टेटनं त्याचं उत्तर मजेशीर दिलं. १९१७मध्ये तिथल्या ऑपेराच्या वाद्यवृंदातल्या चौघांनी ते सुरू केलं आणि नियम ठरवले. मतभेद झाला तर मतदान; मतं समसमान पडली तर बदल नाही; पैसे सगळ्यांना सारखे, पहिल्या व्हायोलिनलाही जास्त नाहीत. पुढे एकेक जण गळत गेला, त्या जागी रशियन साम्राज्यात जन्मलेले ज्यू वादक येत गेले, आणि १९३६पासून बुडापेस्ट क्वार्टेटमध्ये एकही हंगेरियन उरला नाही. नाव मात्र तेच! आज हे नाव ज्या ध्वनिमुद्रणांमुळे लक्षात आहे, ती बहुतेक या नंतर आलेल्यांची आहेत.

ताकाच क्वार्टेटचं आणखी निराळं. १९७५मध्ये बुडापेस्टमधल्या चार विद्यार्थ्यांनी ते सुरू केलं. ज्याच्या आडनावावरून नाव पडलं, ते गाबोर ताकाच-नॉज १९९३मध्ये बाहेर पडले. दोन वर्षांनी व्हायोलावादक गाबोर ओर्माई कर्करोगानं गेले. उरलेले दोघे चाळिशीच्या आसपासचे. त्यांनी तेव्हा वाद्यं पेटीत बंद केली असती, तर या नावाखाली पुढे निघालेलं बेथोव्हनच्या सगळ्या क्वार्टेट्सचं ध्वनिमुद्रण झालंच नसतं. मला ते फार आवडतं. ते ऐकताना ओर्माईंवर अन्याय झाला असं एकदाही वाटलेलं नाही.

मग अमेडियसच्या तिघांनाच न्याय वेगळा का? त्यासाठी थोडं मागे जावं लागतं. नॉर्बर्ट ब्रेनिन, सिग्मुंड निसेल आणि शिड्लॉफ ही हिटलरच्या ऑस्ट्रियातून इंग्लंडला पळून आलेली ज्यू पोरं. १९४०मध्ये ब्रिटननं त्यांना ‘शत्रुदेशाचे नागरिक’ म्हणून तारेच्या कुंपणाआड ठेवलं. ज्यांच्यापासून पळून आले त्यांच्याच गोटातले ठरवले गेले. त्या छावण्यांत त्यांच्या ओळखी झाल्या. सुटल्यावर माक्स रोस्टाल यांनी त्यांना फी न घेता शिकवलं. लंडनचा चेलोवादक मार्टिन लोव्हेट येऊन मिळाला. पण बाकीचे तिघे तर व्हायोलिनवाले! तेव्हा शिड्लॉफ यांनी व्हायोलिन बाजूला ठेवून व्हायोला घेतला. १० जानेवारी १९४८ला विगमोर हॉलमध्ये अमेडियस या नावानं त्यांची पहिली मैफल झाली.

वाद्य बदलणं किती मोठं असतं, हे वाजवणाऱ्यालाच ठाऊक. माझ्या दृष्टीनं सगळं तिथे आहे. व्हायोलाची जागा आधी होती आणि तिच्यासाठी माणूस शोधला, असं झालं नाही. माणसं आधी होती, त्यांतल्या एकानं आपलं वाद्य सोडून ती जागा तयार केली.

हे लोक बाहेरच्या माणसाला शेजारी बसू देत नसत, असंही नाही. मोझार्टच्या क्विंटेट्ससाठी दुसरा व्हायोला सेसिल अॅरोनोविट्झ यांनी वाजवला, शुबर्टच्या क्विंटेटसाठी दुसरा चेलो विल्यम प्लीथ यांनी. पाचवी खुर्ची पाहुण्याला देता येत होती. चौथी देता आली नाही.

मला वाटतं, न बोललेलं वचनही वचन असतं. इतकी वर्षं माणूस न बदलता वाजवत राहिलं, की न बदलणं ही नुसती सवय राहत नाही. श्रोते त्यावर विसंबतात, आणि त्याहून जास्त एकमेकांवर ते चौघे. बुडापेस्टवाल्यांनी हे वचन कधी दिलंच नाही, कारण त्यांची माणसं सुरुवातीपासून बदलत होती. ताकाचवाल्यांचं नाव तर नाव देणारा गेल्यावरही चाललं होतं. म्हणून एकाला जे शोभतं ते दुसऱ्याला शोभेलच असं नाही, आणि यात मला विसंगती दिसत नाही.

पण मग दुसरा काटा रुततो. अशा वचनाची किंमत जो गेला तो भरत नाही, मागे राहिलेले भरतात. मी स्वतः शिड्लॉफच्या जागी असते तर ‘माझ्यामागे वाजवू नका’ असं म्हटलं असतं का? छे. उलट चांगला व्हायोलावाला बघा म्हणाले असते. आणि मी निसेलच्या जागी असते तर? चाळीस वर्षं उजव्या-डाव्या कानाला ओळखीचा असलेला तो मधला आवाज दुसऱ्याच कुणाच्या हातून येताना ऐकवला असता का? इथे माझं उत्तर दरवेळी अडतं.

ब्रेनिन तेव्हा चौसष्ट वर्षांचे होते. त्यांनी एकट्यानं मैफली केल्या, २००५मध्ये गेले. निसेल २००८मध्ये. सगळ्यांत धाकटे लोव्हेट साठ वर्षांचे होते आणि ते २०२०पर्यंत जगले. म्हणजे तेहेतीस वर्षं. त्यांतली पुष्कळ त्यांनी तरुण क्वार्टेट्सना शिकवण्यात घालवली. त्या पोरांच्या समोर बसून ते रोज चार वाद्यं एकत्र ऐकत असणार, व्हायोलासकट.